रेकॉर्डिंगच्या खोलीला दार कोणतं लावावं?



गेल्या दोन महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना एकच प्रश्न आम्हाला चार-पाच गावांत ऐकू आला. "ताई, घरच्या खोलीत रेडिओसाठी रेकॉर्डिंग करतो, पन बाहेरचा आवाज लय येते. दार कोनतं लावाव?" एकीला शहरातल्या दुकानदाराने साउंडप्रूफ दार सांगितलं होतं. दुसरीच्या पुतण्याने मोबाइलवर फायर रेटेड दारांची, म्हणजे आगीत टिकणाऱ्या दारांची चित्रं दाखवली होती. तिसऱ्या गावात तर दाराची वाट न बघता बायांनी भिंतींना थर्माकोल चिकटवूनही टाकलं होतं. ते पाहिलं आणि आम्ही ठरवलं, पुढचं बोलणं यावरच करायचं. थर्माकोलचा अनुभव आमच्या पदरी आहे आणि तो कडू आहे. आधी तोच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात गटातल्या एका सदस्येच्या घरची मागची खोली आम्ही रेकॉर्डिंगसाठी घेतली होती. दहा बाय आठची खोली, एकच खिडकी. ती खिडकी आम्ही प्लाय ठोकून कायमची बंद केली. भिंतींना थर्माकोलच्या शीट लावल्या, कारण त्याने आवाज अडतो असं कोणीतरी सांगितलं होतं. दार पत्र्याचं, घरकुलाला असतं तसं. त्याच्या फटीत चिंध्या कोंबायच्या आणि पोट्ट्यांनी मधेच दार ढकलू नये म्हणून बाहेरून कडी घालायची. कडी घालायचं काम घरच्या आजींकडे. हे दार उघडायचं मधल्या खोलीत, आणि मधल्या खोलीत भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस, पार छतापर्यंत. मधून माणूस जाईल एवढीच वाट.

त्या दिवशीचा विषय होता कपाशीचं बियाणं घेताना पक्की पावती मागणं. आत दोघी जणी आणि रेकॉर्डर सांभाळणारी कॉलेजातली एक मुलगी. पंखा बंद, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दिवा, लॅपटॉपचा चार्जर आणि मोबाइलचा चार्जर. पंधराव्या मिनिटाला बोर्डातून ठिणगी उडाली. बोर्ड भिंतीला टेकलेला होता. थर्माकोल आधी वितळतो, मग पेटतो आणि त्याचे जळते थेंब खाली गळतात. धूर काळा, घसा धरणारा. तिघी दाराकडे धावल्या. दाराला बाहेरून कडी.

त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. पण फटीत चिंध्या, पुढे छतापर्यंत कापूस, आणि कापूस आवाज चांगलाच पिऊन टाकतो. त्याच्याही पुढच्या खोलीत कूलर सुरू. मुलीने मोबाइलवरून बाहेर फोन लावला, तर बाहेरच्या सगळ्यांचे फोन आम्हीच बंद करून ठेवायला लावले होते. शेवटी ओसरीवर बसलेल्या आजींना वास आला. "काय जयून रायलं वं?" म्हणत त्या आत आल्या आणि त्यांनी कडी काढली. रेकॉर्डर चालूच होता, म्हणून नेमका वेळ आम्हाला ठाऊक आहे: पहिल्या हाकेपासून कडी निघेपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद. एकीचा हात कोपरापर्यंत भाजला. बाकी दोघी आठवडाभर खोकत होत्या. घरच्यांनी मेन स्विच पाडला आणि अंगणातली माती टाकून आग विझवली. कापसापर्यंत ती गेली नाही.

चूक आमचीच होती. त्यानंतर आम्ही विचारपूस केली, सुतारांशी बोललो, जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसांशी बोललो, वाचलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दाराला दोन कामं करावी लागतात आणि ती एकमेकांच्या उलटी आहेत. आवाजासाठी ते घट्ट बसलं पाहिजे. माणसासाठी ते एका धक्क्यात उघडलं पाहिजे. दुकानात गेलं की पहिल्याच कामाबद्दल बोललं जातं.

आधी आवाजाचं बघू. खोलीत दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि आपण त्या एकत्र करतो. एक, आपलाच आवाज भिंतींवर आपटून घुमतो. दुसरी, बाहेरचा आवाज आत येतो. घुमणं थांबवायला मऊ वस्तू लागतात: गोधड्या, सतरंज्या, कपड्यांनी भरलेली दोरी, गाद्या. बाहेरचा आवाज अडवायला मात्र वजन लागतं आणि फटी बंद असाव्या लागतात. थर्माकोलला वजन नाही, त्यामुळे तो बाहेरचा आवाज जवळपास अडवतच नाही. अंड्यांचे ट्रे लावायची टूमही तशीच. घुमणं थोडं कमी होतं म्हणून वाटतं की आवाज अडला. दोन्ही वस्तू पेटायला मात्र तयार.

भिंत आपली बहुतेक ठिकाणी चांगली असते. नऊ इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज खाते. डेसिबल हे आवाजाचं माप. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे अशा भिंतीपलीकडचं बोलणं कळतसुद्धा नाही. मग आवाज येतो कुठून? दारातून आणि खिडकीतून. पोकळ फ्लशचं दार किंवा पत्र्याचं दार पंधरा-वीस डेसिबलच्या आसपास अडवतं. त्यातही दाराखाली फट असली तर विषयच संपला.

हा हिशेब आम्ही बैठकीत वहीवर करून दाखवतो, तुम्हीही करा. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद दार म्हणजे ८४ गुणिले ३६, म्हणजे ३०२४ चौरस इंच. त्याच्याखाली अर्ध्या इंचाची फट राहिली तर ती १८ चौरस इंच. शंभरात एक भागसुद्धा नाही. पण एवढ्याशा फटीमुळे ते दार कितीही जाड असलं, लोखंडाचं असलं, तरी साधारण २२ डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. मोटेला भोक असलं की विहीर कितीही भरलेली असो, थारोळ्यात पाणी पडतं थोडंच, तसं हे. म्हणून दाराचा भाव विचारायच्या आधी फटी मोजा.

फटी शोधायला पैसे लागत नाहीत. रात्री खोलीत अंधार करून आत बसा आणि बाहेरून कोणाला तरी दाराच्या चारी बाजूंनी टॉर्च फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. दिवसा करायचं तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तिथे दार चौकटीला टेकत नाही.

आपल्या जुन्या घरांना उंबरठा होता. दार लावलं की खालची कड उंबरठ्याला येऊन टेकायची. आता घरोघरी टाइल्स लावताना उंबरठा काढून टाकतात, झाडायला सोपं म्हणून. उंबरठा गेला आणि दाराखालची फट आली. रेकॉर्डिंगच्या खोलीला मिस्त्रीकडून लाकडाचा पाऊण इंची उंबरठा बसवून घ्या, त्याच्या आतल्या खाचेत रबराची पट्टी. अडखळायला होऊ नये म्हणून त्याच्यावर पांढरी किंवा पिवळी पट्टी रंगवा. बाकी तीन बाजूंना चौकटीच्या खाचेत रबर पट्टी लावायची. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. स्पंजाची स्वस्त पट्टी दोन उन्हाळ्यांत भुसा होते. आम्ही ती लावून पाहिली आहे, म्हणून सांगतो.

आता पल्ला. सुतार विचारेल, "फ्लश लावू का?" तेव्हा विचारायचं, भरीव की पोकळ? दिसायला दोन्ही सारखी असतात. बोटाने टकटक करून बघा, पोकळ दार ढोलकीसारखं बोलतं. भरीव फ्लशचं भारतीय मानक आयएस २२०२ आणि पोकळाचं आयएस २१९१. पल्ल्यावरचा शिक्का वाचा आणि २२०२ मागा, जाडी ३५ मिलिमीटर. वजनाचा नियम सोपा आहे: वजन दुप्पट केलं की पाच-सहा डेसिबल जास्त अडतात. म्हणजे वजन वाढवून फायदा होतो, पण हळूहळू होतो. खर्च मात्र भराभर वाढतो.

परतवाडा भागात किंवा जुने वाडे पाडले जातात तिथे जुनं सागवानी दार मिळालं तर ते सोडू नका. जाड, भरीव फळ्यांचं, दीड-दोन इंची दार आवाजालाही चांगलं आणि आगीलाही. जाड लाकूड बाहेरून जळतं तेव्हा त्यावर कोळशाचा थर जमतो आणि तोच थर आतल्या लाकडाला सांभाळतो. जळण एका मिनिटात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत सरकतं. पण नक्षीदार दार, ज्यात मधे पातळ फळी बसवलेली असते, ते या हिशेबात बसत नाही. मधली फळी आधी जाते.

आकाशवाणीच्या स्टुडिओत गेलेल्या मैत्रिणींना आठवत असेल: एक जड दार, मग दोन पावलांची मोकळी जागा, मग दुसरं दार, आणि वर लाल दिवा. एका भारी दारापेक्षा दोन साधी दारं आणि मधे हवा, ही युक्ती घरातही चालते. मागची खोली आणि तिच्या पुढचा बोळ, दोन्हीला दार असेल तर निम्मं काम झालेलं असतं. फक्त दोन्ही दारं बाहेर पडायच्या दिशेने उघडली पाहिजेत आणि मधल्या जागेत काही भरून ठेवायचं नाही. आपल्याकडे मोकळी जागा दिसली की तिथे गव्हाची पोती येतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करू. लग्नाचा डीजे, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर यांचा जाड आवाज आपल्या आवाक्यातलं कोणतंच दार अडवणार नाही. त्यासाठी वेळ निवडा. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाचला बसतो. पारा ४५च्या पुढे जायचा असतो त्या दिवशीसुद्धा तेव्हा खोली बरी असते, आणि गिरणी नऊनंतर सुरू होते.

आता आगीचं. फायर रेटेड दार म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. असं दार चौकट, बिजागऱ्या, कुलूप यांच्यासकट भट्टीच्या तोंडाला बसवतात आणि भट्टी पेटवतात. अर्ध्या तासात भट्टी ८४० अंशांच्या आसपास जाते, तासाभरात साडेनऊशेच्या जवळ. दार किती मिनिटं टिकलं, ज्वाळा पलीकडे आल्या का, हे मोजून त्याला ३०, ६०, ९० किंवा १२० मिनिटांचा दर्जा मिळतो. आपल्याकडे याचं मानक आयएस ३६१४. खऱ्या दाराच्या कडेला, बहुधा बिजागरीच्या बाजूला, मिनिटं लिहिलेली पट्टी असते आणि चाचणीचं प्रमाणपत्र मिळतं. नुसतं फायरप्रूफ प्लाय लावलं म्हणून दार फायर रेटेड होत नाही. आयएस ५५०९चा शिक्का असलेला प्लाय उशिरा पेटतो हे खरं, पण साध्या चौकटीत बसवलेला तो पल्ला किती मिनिटं टिकेल हे कोणी मोजलेलं नसतं. दर्जा सगळ्या जोडणीला असतो. चांगलं दार घेऊन आपल्या जुन्या चौकटीत बसवलं तर तो दर्जा तिथेच संपला.

आणि दोन गुण एकत्र येतात असं समजू नका. फायर रेटेड दाराच्या कडेला एक खास पट्टी असते, ती गरम झाली की फुगते आणि फट बुजवते. पण आग लागेपर्यंत ती बारीकच असते, त्यामुळे रोजच्या रेकॉर्डिंगला तिचा उपयोग नाही. आवाजासाठी वेगळं रबर लागतंच. उलट साउंडप्रूफ म्हणून विकलेल्या काही दारांच्या पोटात फोम असतो, आणि त्यातला साधा फोम आगीला तेलासारखा. दुकानदाराला सरळ विचारा, आत काय भरलंय? रॉकवूल म्हणाला तर ते जळत नाही. फोम म्हणाला, किंवा उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर पुढच्या दुकानात जा.

फोमचं एवढं का, तर ऐका. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात स्टेशन नावाचा एक नाचगाण्याचा क्लब होता. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून मालकांनी भिंतींना फोम लावला. २० फेब्रुवारी २००३च्या रात्री मंचावरच्या शोभेच्या ठिणग्या त्या फोमला लागल्या. दीड-दोन मिनिटांत धुराने जागा भरली. बाहेर जायला दुसरीही दारं होती, पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. १०० माणसं गेली. २७ जानेवारी २०१३ला ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात किस नावाच्या क्लबमध्ये पुन्हा तेच झालं, आवाजासाठी लावलेला फोम आणि ठिणग्या, २४२ मृत्यू. ज्वाळेच्या आधी धुरानेच माणसं पडली, कारण असा फोम जळताना विषारी वायू सुटतो. आमच्या खोलीत तिघीच होत्या आणि थर्माकोल चार शीटच. पण कारण तेच, आवाज अडवायला लावलेली जळकी वस्तू.

मग फायर रेटेड दार घ्यायचं का? आमचं मत सांगतो. खोलीत जळणारं अस्तर नसेल, शेजारी साधी राहायची खोली असेल, तर भरीव फ्लश किंवा जुनं सागवान पुरे. फायर रेटेड दार त्याच्या काही पट महाग, वजनाने इतकं जड की साध्या चौकटीला आणि बिजागऱ्यांना झेपत नाही. पण खोलीच्या शेजारी कापूस असेल, खाली दुकान आणि दुकानात गॅसच्या टाक्या असतील, किंवा गटाच्या इमारतीत रोज वीस-पंचवीस बाया येत असतील, तर तिथे विचार करावा.

कापसाबद्दल वऱ्हाडात कोणाला काय सांगायचं! तरी सांगतो. कापसाच्या ढिगाला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आतल्या आत धुमसत राहते. जिनिंगवाले म्हणतात, नुसतं वरून पाणी मारून भागत नाही, ढीग फोडून, पसरवून विझवावा लागतो. त्या खोलीच्या शेजारी दोन तास बंद दाराआड बसायचं हे आम्हाला आता पटत नाही. पहिला उपाय म्हणजे कापूस असेपर्यंत तिथे रेकॉर्डिंग नाही. दुसरा, रेकॉर्डिंगसाठी घराची दुसरी बाजू. घरकुल २६९ चौरस फुटांचं असतं, त्यात दुसरी बाजू कुठून आणायची, हे आम्हालाही कळतं. तशा घरात मग दुसऱ्या सदस्येचं घर बघा, ग्रामपंचायतीची किंवा शाळेची खोली सुट्टीच्या दिवशी मागा. दोन्ही जमत नसेल, तर त्या बाजूच्या भिंतीला साठ मिनिटांचं दार. आणि ते दार बंद असलं तरच दार. वारा येतो म्हणून त्याला वीट लावून ठेवली, की पैसे पाण्यात.

एवढं करूनही एक गोष्ट राहते, जी आम्हाला त्या दिवसानंतरच कळली. आगीत टिकणारं दार आग एका बाजूला थोपवतं. पण आपण ज्या बाजूने पळणार तीच बाजू पेटलेली असेल तर? एकच दार असलेल्या खोलीत ते दार आपल्याला वेळ देतं, वाट देत नाही. म्हणून खिडकी कायमची ठोकायची नाही. आम्ही आता खिडकीच्या मापाची लाकडी चौकट करून तिच्यात रॉकवूल भरलं आहे, दोन्हीकडून प्लाय, कडेला रबर, आतून दोन मुठी. खिडकीत ती गच्च बसते आणि एक बाई ओढून काढू शकते. खिडकीचे गज कापून त्यांची उघडणारी जाळी केली, आतून कडीची. घरमालकीण आधी चोराच्या भीतीने नको म्हणत होती. मग तिची सासू, म्हणजे त्याच आजी, म्हणाल्या, "चोर येते तं येऊ दे, बाई निंगाली पायजे." विषय मिटला.

कडीचंही तसंच. बाहेरच्या बाजूचा कोयंडा आम्ही काढूनच टाकला. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ची, मोठ्या इमारतींसाठी सांगते की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. घराला ती कोणी लावायला येत नाही, पण आपण लावून घ्यायला कोणाची परवानगी नको. आतूनही टॉवर बोल्ट लावत नाही, धुरात हात चाचपडतो. एक साधं हँडल, खाली दाबलं की उघडणारं. दार बाहेर उघडणारं, म्हणजे आतून धक्का दिला की झालं. पोट्टे येऊ नयेत म्हणून बाहेर लाल दिवा आणि एक मोठी मुलगी. रेकॉर्डिंग चालू असताना तिचा फोन चालू असतो, नुसता थरथरता ठेवलेला. आणि चौकटीतून बारीक दोरी बाहेर काढली आहे, तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घागरमाळ. ओढली की अख्ख्या आळीला ऐकू जाते.

आता काळ्या मातीचं सांगायचं राहिलं. पूर्णेच्या खोऱ्यात घर बांधलेल्या प्रत्येकीला हे माहीत आहे: आपली जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घराच्या भिंती तिच्यासोबत हलतात. चौकट किंचित तिरकी होते. वर लाकूडही पावसात फुगतं. मे महिन्यात सुताराने दार अगदी घट्ट बसवलं, तर तेच दार ऑगस्टमध्ये खांदा मारल्याशिवाय उघडत नाही. साध्या खोलीला हे चालून जातं. ही खोली बंद दाराआड बसायची आहे. म्हणून सुताराला सांगायचं की लाकडाला लाकूड घासू देऊ नको, दोन-तीन मिलिमीटर जागा सोड आणि ती रबराने भर. पल्ल्याच्या चारी कडा रंगाने किंवा पॉलिशने बंद कर, खालची कडसुद्धा, जी बहुतेक सुतार सोडून देतात कारण ती कोणाला दिसत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला आत बसवून दार उघडायला लावा. तिला एका हाताने जमलं नाही तर रंधा मारायची वेळ झाली.

विजेचं थोडक्यात, कारण त्यावर मागे एकदा बोललो आहोत. एका बोर्डावर एक-दोनच वस्तू, बोर्ड भिंतीपासून आणि गोधड्यांपासून हातभर लांब. गोधडीसुद्धा कापसाचीच असते, विसरू नका. शक्य तिथे बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर किंवा पूर्ण चार्ज केलेला मोबाइल. दाराजवळ वाळूची बादली आणि मेन स्विच कुठे आहे ते प्रत्येकीला माहीत. चालू विजेवर पाणी मारायचं नाही. वीस मिनिटं बोललो की दार उघडून पाच मिनिटं हवा, हे आमच्याकडे नियमात लिहिलं आहे.

दाराच्या खर्चावर गटात वाद झाला, हेही सांगायला हवं. "दारासाठी पैसे, आनं माह्या शेळीच्या कर्जाले नाही?" असं एकीने भर बैठकीत विचारलं, आणि तिचं चुकलं नव्हतं. २००६ साली सरकारने संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. तेलंगणात झहीराबादजवळ शेतकरी बायांनी १५ ऑक्टोबर २००८ला संघम रेडिओ सुरू केला. हे सगळं आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्याकडे इमारत आहे, आपल्याकडे माझी शेळी. शेवटी असं ठरलं की दार जुनं घ्यायचं, रबर, उंबरठा आणि खिडकीची चौकट नवी, आणि शेळीचं कर्ज आधी. ते कर्ज पुढच्या महिन्यात गेलं. दार त्यानंतर तीन महिन्यांनी आलं, एका पाडलेल्या वाड्याचं, सागवानी, एका बाजूला पितळी कडीचं भोक असलेलं. ते भोक लाकडाची खुंटी ठोकून बुजवायला सुतार विसरला होता. टॉर्च फिरवली तेव्हा ते दिसलं.